हानी की पांगणी?

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक वाङ्मयावर बोलायला क्वचितच येतात. ते येतात शब्द मागायला. कोणाला नातीसाठी तीन अक्षरी नाव हवे असते, कोणाला लग्नपत्रिकेत 'आपले विनीत' की 'आपला नम्र' हे पक्के करून घ्यायचे असते. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या मालकांनी पाटीसाठी माझ्याकडून 'अन्नपूर्णा' हे नाव नेले आणि प्रत्यक्षात 'न्यू अन्नपूर्णा' असे रंगवून घेतले, कारण जुनी अन्नपूर्णा पुढच्याच चौकात होती. असो. असे शब्द मी वर्षानुवर्षे देत आलो आहे. दळण न्यावे तसे लोक ते घेऊन जातात, आणि जाडे झाले की बारीक झाले याची तक्रार करायला सहसा कोणी परत येत नाही.

यंदा मात्र मागणी घरातूनच आली. आमची मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तिच्या महाविद्यालयाने काही विद्यार्थ्यांना आसपासच्या मराठी शाळांतून पाठवायचे ठरवले होते. हिच्या वाट्याला नववीचा वर्ग आला, आणि विषय आला 'व्हॉयेजर यानाचे संदेश आपल्यापर्यंत कसे पोचतात'. एका रात्री जेवणे आटोपल्यावर ती वही घेऊन माझ्यासमोर बसली.

"बाबा, फ्री स्पेस पाथ लॉसला मराठीत काय म्हणू? मी मार्गहानी लिहिलंय, पण ते मला खोटं वाटतंय."

शब्द खोटा वाटणे ही गोष्ट माझ्या वर्गात बसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना होते. मला बरे वाटले. पण वस्तू पाहिल्याशिवाय तिच्यासाठी शब्द द्यायचा नाही, हा माझा जुना शिरस्ता आहे. मूल पाहिल्याशिवाय मी नावसुद्धा सुचवीत नाही. तेव्हा म्हटले, "आधी हे प्रकरण काय आहे ते मला सांग. नववीतला समज."

"हानी म्हणजे कोणीतरी काहीतरी खाल्लं, मोडलं किंवा चोरलं," ती म्हणाली. "इथं कोणी काही खातच नाही."

मग तिने मला पोळी आणि तुपाचा दाखला दिला. चमचाभर तूप एका पोळीवर पसरले. आता पोळी दुप्पट रुंद केली आणि तूप तेवढेच ठेवले, तर? मी म्हटले, तर तुझी आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणेल की हे ह्यांच्या घराण्याचे वळण. पण उत्तर मला आले होते. रुंदी दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, म्हणून तूप चौपट पातळ. तूप तेवढेच आहे. चमच्यातले थेंबभरही कमी झालेले नाही. पण माझ्या एका घासाला ते पूर्वीच्या चौथ्या हिश्श्याने येणार.

अवकाशात एक दिवा लावला किंवा रेडिओचा प्रक्षेपक ठेवला, तर त्याची शक्ती एका फुगत जाणाऱ्या गोलाच्या पृष्ठभागावर पसरत जाते. गोलाची त्रिज्या दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट होतो, तिप्पट झाली की नऊपट. पोळीचेच गणित. भोवती हवा नाही, भिंत नाही, डोंगर नाही, ढग नाही; शोषून घेणारे कोणीच नाही. त्यालाच त्यांच्या शास्त्रात 'फ्री स्पेस' म्हणतात. (त्याला 'मुक्त अवकाश' म्हणायला मात्र माझी काहीच हरकत नव्हती. 'अजून अवकाश आहे' असे आपण म्हणतो तेव्हा तो वेळेचा असतो, जागेचा नसतो. एका शब्दात दोन्ही बसवणारी आपली भाषा ह्या बाबतीत शास्त्रज्ञांच्याही पुढे होती असे कधी कधी वाटते.) त्या अवकाशातून गोल कितीही फुगो, त्याच्यावरच्या साऱ्या शक्तीची बेरीज केली तर ती पहिल्या क्षणाइतकीच भरते. मग हानी कोणाची झाली?

"पण तुमच्या सूत्रात तरंगलांबी कशाला आहे?" मी विचारले. तिच्या वहीत सूत्र लिहिलेले होते: चार पाय गुणिले अंतर, भागिले तरंगलांबी, आणि ह्या साऱ्याचा वर्ग. पाय म्हणजे वर्तुळाचा तो प्रसिद्ध पाय. अंतर कशाला आले ते मला पोळीने शिकवले होते. पण लहरी आखूड असल्या तर सूत्र जास्त 'लॉस' दाखवते, हे काय? अवकाश आखूड लहरींवर खार खाऊन आहे की काय?

इथे ती जे म्हणाली ते मला फार आवडले. तिच्या मते तो दोष वाटेचा नव्हेच. तो आपल्या ओंजळीचा. सर्व दिशांना सारखेच ऐकणारा एक आदर्श आकाशक सूत्रात गृहीत धरलेला असतो, आणि अशा आकाशकाची ओंजळ, म्हणजे लहरी झेलणारे क्षेत्रफळ, तरंगलांबीवर ठरते. तरंगलांबीचा वर्ग करावा आणि त्याला चार पायने भागावे. एफ.एम. रेडिओच्या लहरी सुमारे तीन मीटर लांब असतात, त्यांच्यासाठी ही ओंजळ जवळजवळ कॅरमच्या बोर्डाएवढी येते. घरातल्या वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी साडेबारा सेंटिमीटरच्या. त्यांची ओंजळ काडेपेटीच्या पाठीहूनही लहान. आणि ५ गिगाहर्ट्‌झवर गेले की ती अंगठ्याच्या नखाएवढी उरते. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो आहे. कोणी परात धरली आहे, कोणी वाटी, कोणी झाकण. झाकणवाल्याने 'यंदा पाऊस कमी' म्हणून ओरडावे आणि शास्त्राने त्याला पर्जन्यहानी म्हणावे, असाच हा प्रकार. (घरातले पाच गिगाहर्ट्‌झ दुसऱ्या खोलीत नीट पोचत नाही, त्याला भिंतीही कारण असतात. पण भिंत आली की अवकाश मुक्त राहिला नाही.)

हे सूत्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते हराल्ड फ्रिस मूळचे डेन्मार्कचे. पुढे ते अमेरिकेत गेले आणि बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये रेडिओ संशोधनाचे प्रमुख झाले. कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता त्यांच्याच हाताखाली काम करीत होता. दूरध्वनीत होणारी खरखर शोधता शोधता तो आकाशगंगेच्या मध्यापर्यंत जाऊन पोचला आणि १९३३ साली त्याने ते जाहीर केले. फ्रिस यांनी १९४६ साली सूत्राविषयी एक छोटे टिपण छापले, पाने दोन-तीनच. आमच्याकडे एवढ्या मजकुरात प्रस्तावनेचे ऋणनिर्देशसुद्धा संपत नाहीत! त्या टिपणात त्यांनी नुसती क्षेत्रफळे घेतली: पाठवणाऱ्याच्या थाळीचे क्षेत्रफळ आणि झेलणाऱ्याच्या थाळीचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार करा, आणि अंतराच्या वर्गाने व तरंगलांबीच्या वर्गाने भागा. असे मांडले की गंमत होते. दोन्ही थाळ्या तेवढ्याच ठेवून लहरी आखूड केल्या, तर हाती येणारी शक्ती वाढते, कारण आखूड लहरींचा झोत जास्त निमुळता बांधता येतो. तेच निसर्गसत्य, एका मांडणीत आखूड लहरी बिचाऱ्या ठरतात, दुसऱ्या मांडणीत त्याच सरस ठरतात. मी वर्गात अलंकार शिकवतो, त्यामुळे मला ह्याचे नवल वाटले नाही. मांडणीने माणसेसुद्धा बदलतात.

त्याच टिपणात फ्रिस यांनी एक अट घालून ठेवली आहे: दोन थाळ्या एकमेकींपासून पुरेशा दूर हव्यात. किती दूर, तर थाळीच्या व्यासाचा वर्ग दुप्पट करून तरंगलांबीने भागावा, तेवढ्या तरी. व्हॉयेजरचे संदेश झेलणाऱ्या ७० मीटर व्यासाच्या थाळीसाठी हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते. त्याहून जवळ हे सूत्र लागू पडत नाही. तिथे लहरींचे वागणे फारच गुंतागुंतीचे असते. हे ऐकून स्वयंपाकघरातून आवाज आला, "म्हणजे एका घरात राहणाऱ्यांना लागू नाही तर!" आमच्या सौ. नेहमी अशा जागी बोलतात.

तरीही, हानी म्हटले काय आणि दुसरे काही म्हटले काय, शेवटी हाती कमीच येते ना, मग एवढा शब्दच्छल कशाला, असे एखादा वाचक विचारील. मीही मुलीला तेच विचारले. परीक्षक ह्या नात्याने विचारावेच लागते. तिने वहीचे पान उलटले. तिथे दोन रकाने होते: एकावर 'काच' लिहिले होते, दुसऱ्यावर 'अवकाश'.

हे लोक घट डेसिबलने मोजतात. दहा डेसिबल म्हणजे शक्ती दहाव्या हिश्श्यावर आली, वीस म्हणजे शंभराव्या, तीस म्हणजे हजाराव्या. आता समुद्राखालून, रस्त्याखालून जाणारी काचेची तार घ्या, जिच्यातून प्रकाशाने संदेश जातात. ती आजच्या उत्तम पदार्थांपैकी एक. तरीही ती दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल एवढी दस्तुरी घेते. शंभर किलोमीटरला वीस डेसिबल, दोनशेला चाळीस, तीनशेला साठ. हा सावकार मुदतीप्रमाणे व्याज लावतो. वाट जितकी लांब, तितक्या वेळा तो शिलकीतला तोच हिस्सा कापतो. हीच खरी हानी, कारण ती शक्ती खरोखर काचेत जिरते, तिची उष्णता होते, किंवा ती बाजूला विखुरते.

अवकाशाचा हिशेब निराळा. तिथे अंतर दसपट झाले की वीस डेसिबल जातात, मग ते दसपट कुठूनही असो. एका मीटरवरून दहा मीटरवर जायला वीस डेसिबल. आणि दहा कोटी किलोमीटरवरून शंभर कोटी किलोमीटरवर जायलाही तेच वीस! घरातून अंगणात जाताना जेवढे विरळ व्हायचे, तेवढेच मंगळापलीकडून थेट शनीच्या वाटेवर जाताना. पहिली पावले महाग, पुढची वाट उत्तरोत्तर स्वस्त.

आणि मग तिने व्हॉयेजरचा आकडा दाखवला. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. २०२५ साली ते पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर होते. तिथून निघालेली लहर इथे यायला तेवीस तासांहून थोडा कमी-अधिक वेळ घेते. त्या वाटेचा 'पाथ लॉस' सूत्राने काढला तर सुमारे ३१९ डेसिबल येतो. तेवढेच ३१९ डेसिबल काचेच्या तारेत किती लांबीला होतील? सोळाशे किलोमीटरला. मुंबईहून निघून दिल्लीच्या थोडे पुढे जाईपर्यंत. वाटेत ऐंशी-शंभर किलोमीटरवर आवाज वाढवणारे ठाणे बसवले नाही, तर आपला दिल्लीचा निरोप व्हॉयेजरच्या निरोपाइतकाच क्षीण होऊन पोचायचा. अडीच हजार कोटी किलोमीटर, आणि सोळाशे! दोघांनाही आपण एकच शब्द लावतो: लॉस. तो शब्द मुलीला खोटा का वाटला हे मला आता कळले. नववीतल्या मुलाला 'मार्गहानी' सांगितली, तर तो समजेल की अवकाश ही एक मोठी, भुकेली वस्तू आहे आणि ती संदेश गिळते. तो समज एकदा बसला की निघायचा नाही. आणि खरी गोष्ट तर अशी की मुक्त अवकाशाइतका प्रामाणिक निरोप्या दुसरा नाही.

व्हॉयेजरचा प्रक्षेपक वीस-बावीस वॅटचा. तेवढ्या वॅटचे दिवे आपण दिवाळीत गॅलरीत सहज लावतो. त्याची थाळी ३.७ मीटरची. तिच्यामुळे शक्ती दाही दिशांना न जाता टॉर्चसारखी पृथ्वीकडे वळते. पण एवढ्या दुरून त्या टॉर्चचा उजेडाचा डाग पडतो सुमारे तीस कोटी किलोमीटर रुंदीचा, म्हणजे सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या दुप्पट. त्या डागात कॅलिफोर्नियातली, माद्रिदजवळची किंवा कॅनबेराजवळची एक थाळी आपले ७० मीटरचे तोंड उघडून बसलेली असते. तिच्या वाट्याला काय येते? भास्कराचार्यांनी 'लीलावती'त संख्यांची नावे एकापासून परार्धापर्यंत दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. एका वॅटचे दहा परार्ध भाग करावेत. त्यांतला एक भागसुद्धा पुरता त्या थाळीला मिळत नाही. तेवढ्यावर ती माणसे त्या यानाची खुशाली वाचतात.

२०२३ च्या नोव्हेंबरात ह्या यानाकडून अर्थहीन ठोके येऊ लागले. लहर येत होती, नेहमीसारखी वेळेवर; तिच्यात भाषा नव्हती. यानावरच्या स्मृतीतली एक चकती निकामी झाली होती. अभियंत्यांनी तिच्यावरचा मजकूर तुकडे करून इतरत्र हलवला. एक सूचना पाठवायची आणि तिचा परिणाम कळायला दोन दिवसांच्या आसपास थांबायचे, असे करीत एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा समजेल असे बोलू लागले. वाट शाबूत, आवाज शाबूत, आणि हरवला तो फक्त अर्थ. हा प्रसंग मी एम.ए.च्या वर्गात सांगितला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी लिहून घेत होती. ते परीक्षेला नाही हे तिला सांगावे असे मला वाटले नाही.

हे सारे परदेशातलेच, असे समजण्याचे कारण नाही. नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापरेली हे छोटे यान मंगळावर उतरत होते. त्याचा प्रक्षेपक मोजक्या वॅटचा, आणि त्याचे बोलणे पृथ्वीसाठी नव्हतेच. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना ऐकू जावे एवढ्यापुरते होते. पण लहर एकदा निघाली की ती फक्त ज्याचा पत्ता लिहिला त्याच्याकडे जात नाही. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांमध्ये, खोडदच्या थाळ्यांनी ती ऐकली. उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी ती थांबली. यान मंगळावर आदळून फुटले होते.

आता शब्द. 'क्षय' म्हटले की खोकला ऐकू येतो. 'व्यय' हा जमाखर्चातला. तिथे पैसा दुसऱ्याच्या खिशात तरी जातो. 'तूट' मला जरा जवळचा वाटला, पण तोही वहीच्या तळाशी तांबड्या शाईने लिहायचा. 'ऱ्हास' मी स्वतःच बाद केला. तो आमच्या परिसंवादांसाठी राखीव आहे. गेली वीस वर्षे मी मराठीच्या ऱ्हासावर बोलतो आहे, आणि मानधनही घेतो आहे. त्या रात्री मात्र पहिल्यांदाच मनात आले की ह्यातले जिरलेले किती आणि पातळ पसरलेले किती, हे आम्ही कधी मोजले आहे काय? पण तो विषय निराळा.

मुलीने 'विरळणी' सुचवला. तो मला एकदम पसंत पडला असता, पण सौ. शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, "विरळणी म्हणजे दाट उगवलेली रोपं उपटून फेकायची. ती फेकलेली रोपं परत मिळत नाहीत." मग मी 'पांगणे' काढला. ढग पांगतात, गर्दी पांगते, जत्रा पांगते. जत्रेतला माणूस नाहीसा होत नाही, तो आपापल्या वाटेला लागतो. पेरणी, लावणी, मळणी, तशी 'पांगणी'.

"पांग तर फेडायचे असतात," मुलगी म्हणाली.

"ते पांग निराळे," मी म्हणालो. "आणि ते फेडायची तुला घाई नाही." पुढच्या वर्षी तिला उच्च शिक्षणासाठी बाहेरदेशी जायचे आहे. तो विषय आमच्या घरात अजून पूर्ण वाक्यात बोलला गेलेला नाही.

'हानी' हा शब्द तिने अजिबात टाकला मात्र नाही. तो तिने आजीसाठी ठेवला. माझी आई रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत एकटी राहते. घर खोलगट जागी, दोन्ही बाजूंना डोंगर, वर काजू-फणसाची दाट झाडी, भिंती जांभ्या दगडाच्या. फोन लावायचा तर तिला सड्यावर चढून यावे लागते. पावसाळ्यात ओली पाने लहरी पितात, डोंगर तर त्यांना येऊच देत नाही. मग चार चार दिवस तिचा आवाज नाही. मनोरा तिच्या घरापासून किलोमीटरभराच्या आतच आहे. व्हॉयेजर बोलते आणि आजी बोलत नाही. "ही हानी," मुलगी म्हणाली. आणि उपग्रहावरून येणारा दूरदर्शनचा कार्यक्रम मुसळधार पावसात जातो, तीही हानी. छत्तीस हजार किलोमीटर तो निर्वेध येतो, आणि आपल्या छपरावरच्या शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत पावसाचे थेंब त्याला खातात.

शाळेने फलकावर व्याख्यानाची सूचना लावली. तिच्यात विषय लिहिला होता, 'मुक्त अवकाशातील पांगळी'. मुलीने फलकाचे छायाचित्र काढून आणले आहे. नवा शब्द घडवण्याच्या वाटेवर एवढी हानी धरून चालावे लागते.

व्याख्यान बरे झाले म्हणे. फळ्यावर दोन रकाने काढून तिने एकात आजीचा डोंगर काढला, दुसऱ्यात यान. पोळीचा दाखला सर्वांना पटला. शेवटी मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "ताई, आपण थोडंसंच झेललं. मग बाकीचं कुठं गेलं?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारले.

"म्हटलं, ते पृथ्वीच्या बाजूनं पुढं गेलं. अजून जातंय. १९७७ पासूनचं सगळंच जातंय, पातळ होत होत."

"मग?"

"तो म्हणाला, बरं. आणि खाली बसला."